खोऱ्याचा पेला

१

मास्तरांनी एक घोट घेतला, पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "खारट आहे."

तेवढ्यानं खोऱ्याकडे जाणारा मोठा पाइप बंद पडला. कुणी बॉम्ब टाकला नव्हता की कुणी संप केला नव्हता. एका निवृत्त मुख्याध्यापकाला पाणी खारट लागलं, बस्स.

हे समजायला आधी त्या कारखान्याचा करार समजून घ्यायला हवा. समुद्र किनाऱ्याचा, वीज माळाची आणि तहान खोऱ्याची, असा तो तिघांचा संसार. किनाऱ्यावरच्या कारखान्यात समुद्राचं पाणी गोडं होतं, माळावरच्या सौर पत्र्यांची वीज ते करते आणि खोऱ्यातली माणसं ते पितात. कागदावर फार छान दिसतं. पण तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून करार लिहिणाऱ्यांनी एक अट घालून ठेवली. रोज सकाळी तिन्ही बाजूंच्या तीन साक्षीदारांनी एकाच तोटीचं पाणी एकमेकांसमोर प्यायचं. पेला ज्याचा त्यानं आणायचा. भरण्याआधी तो पालथा करून रिकामा असल्याचं दाखवायचं. पिऊन झालं की तिघांनी "गोड" म्हणायचं आणि मग व्हॉल्व्ह उघडायचा. एकानं जरी "खारट" म्हटलं तरी व्हॉल्व्ह बंद. मग तिन्ही बाजूंना मान्य असलेलं तिऱ्हाईत माणूस येणार, चौकशी करणार, आणि तोवर एक थेंब पुढे जाणार नाही.

ते तिऱ्हाईत माणूस म्हणजे मी. उभा जन्म बाजारातली वजनंमापं तपासण्यात गेला. तराजू खोटा की दुकानदार, एवढंच मला कळतं. कारखान्यात पोचले त्या दिवसापासून सगळे मला तिऱ्हाईतबाईच म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला लागू पडतं.

मला नेमण्यावर तिन्ही बाजू इतके दिवस भांडल्या, की मी पोचले तेव्हा खोऱ्यातल्या साठ्याच्या टाक्यांनी तळ गाठला होता. आधी नावावर घोडं अडलं, मग मी कुठल्या बाजूच्या गाडीतून यावं यावर. मला न्यायला आलेला ड्रायव्हर वाटेत म्हणाला, की खोऱ्यात बाया आता भांडी वाळूनं घासतात. तो हे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता.

२

चवीची खोली लहान होती. पांढऱ्या फरश्या, मधोमध एक तोटी, एक टेबल, भिंतीला एक फळी. खिडकीतून आवार दिसत होतं आणि आवारात सिमेंटचा एक मोठा रिकामा हौद. त्याच्या तळाशी पांढरी भुकटी होती आणि त्या भुकटीत एक कुत्रं निवांत झोपलेलं होतं. कारखान्यातला तेवढाच एक सुखी प्राणी.

किनाऱ्याच्या साक्षीदार म्हणजे कारखान्याच्या रसायनतज्ज्ञ. त्यांना सगळे लॅबबाई म्हणत. उंच, थकलेल्या, बोलताना सारखा चष्मा पुसणाऱ्या. खोऱ्याच्या साक्षीदाराच्या, म्हणजे मास्तरांच्या, पेल्याची मोहोर त्यांनी माझ्यासमोर फोडली आणि आतलं उरलेलं पाणी तपासून दाखवलं. पाणी खारटच होतं. तोटीचं मात्र चोख, इतर दोघांच्या पेल्यांतलंही चोख. म्हणजे मीठ पाण्यात नव्हतं, पेल्यात होतं. खोरेवाल्यांचं म्हणणं हेच होतं, की आज आमच्या माणसाच्या पेल्यात मीठ घातलं, उद्या विष घालाल. कोणी घातलं ते कळल्याशिवाय आम्ही व्हॉल्व्ह उघडू देणार नाही. तहानलेल्या माणसानं असा हट्ट धरावा याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

"किती खारट?" मी विचारलं.

"समुद्राइतकं नाही," लॅबबाई म्हणाल्या. "डोळ्यातलं पाणी असतं ना, बरोबर तेवढं. आणि नुसतं मीठ आहे. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर दहा गोष्टी येतात, तसलं यात काही नाही."

पेला पितळेचा होता, आतून कल्हई केलेला. नवी कल्हई, पांढुरकी, दुधावर साय यावी तशी. लॅबबाईंचा स्वतःचा पेला काचेचा होता आणि तिसऱ्या साक्षीदाराचा चकचकीत स्टीलचा मग. मास्तरांचा पेला ज्या फडक्यात गुंडाळून यायचा, ते सुती फडकंही मोहोरबंद करून ठेवलं होतं. मी ते उलगडलं. मध्यभागी एक तपकिरी वर्तुळ होतं. पेल्याची बैठक त्यावर ठेवून पाहिली, तर तंतोतंत बसली.

मी त्यांना तो हौद कशाचा म्हणून विचारलं. लॅबबाईंनी चष्मा काढला.

"चुनखडीचा. आमचं पाणी भुकेलं असतं, बाई. त्यातलं सगळं काढून घेतलेलं असतं ना, म्हणून जे भेटेल ते खात सुटतं. लोखंड खाईल, सिमेंट खाईल. पुढे सोडण्याआधी त्याला चुनखडीतून न्यावं लागतं, म्हणजे त्याचं पोट भरतं."

"मग आता हौद रिकामा का?"

"ते माळवाल्यांना विचारा," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चवीत काही फरक पडत नाही. करारात चव लिहिली आहे, चुनखडी लिहिलेली नाही."

माळाचा साक्षीदार म्हणजे विजेचा इंजिनियर. लगेच भडकतो म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला फ्यूजसाहेब म्हणत. तो खरंच भडकला. कारखाना बंद राहिला तर वीज वाचते आणि ती वीज माळवाल्यांना दुसरीकडे विकता येते, हे मी नुसतं सुचवलं, तर त्यानं टेबलावर हात आपटला. मग पाणी प्यायला, शांत झाला आणि चुनखडीचं सांगितलं. खाण माळावर आहे. ट्रक खोऱ्याच्या रस्त्यानं यायचे. खोऱ्यानं नाक्यावर ट्रक अडवले, कारण किनाऱ्यानं खोऱ्याचं पाणी कमी केलं. किनाऱ्यानं पाणी कमी केलं, कारण माळानं वीज कमी केली. आणि माळानं वीज का कमी केली? फ्यूजसाहेब थोडा वेळ आठवत बसला. मग म्हणाला, त्यालाही काहीतरी कारण होतं.

पाणी खारट लागलं त्या सकाळी पेला फळीवर ठेवून मास्तर हात धुवायला बाहेर गेले होते. तेवढा वेळ लॅबबाई आणि फ्यूजसाहेब खोलीत होते. दोघंही म्हणाले की आपण पेल्याला हात लावला नाही. दुसऱ्यानं लावला का, याची मात्र दोघंही खात्री देईनात.

३

मास्तर कारखान्याच्या वसाहतीतल्या एका खोलीत राहत. कॉट, खुर्ची, गॅसची शेगडी, भिंतीवर एका लहान मुलीचा फोटो. मुलीच्या पुढच्या दातांत फट होती आणि ती कुणावर तरी खदाखदा हसत होती.

"आमची छकुली," मास्तर म्हणाले. "लेकीची लेक."

मला चहा देता येत नाही म्हणून ते खजील झाले. कारखान्यातल्या सगळ्यांना पाणी मिळत होतं, पण खोऱ्यात पाणी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचाही चहा सोडला होता. ओठ फुटलेले होते. वर्गात पोरांपुढे उभं राहावं तसे ते माझ्यापुढे उभेच राहिले. बसा म्हटलं तेव्हा बसले.

आयुष्यभर शाळेत खरं बोला म्हणून सांगितलं, तेव्हा खोऱ्यानं साक्षीदार निवडताना त्यांच्याकडे बोट दाखवलं. त्यांनाही त्याचा अभिमान होता. रोज सकाळी तिघांनी गोड म्हटलं, चाक फिरलं आणि जमिनीखालून पाइप घुमायला लागला, की ते खोऱ्याच्या दिशेनं तोंड करून म्हणायचे, "निघालं गं छकुले." लॅबबाई आणि फ्यूजसाहेब आधी हसायचे. नंतर त्यांनाही सवय झाली. एखाद्या दिवशी मास्तर विसरले, तर फ्यूजसाहेब आठवण करून द्यायचा.

"छकुली कशी आहे?" मी विचारलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. पोर आजारी होती. पोट दुखतं, जेवत नाही, आणि अलीकडे शब्द विसरायला लागली होती. पहिलीत सगळ्यांत आधी वाचायला शिकलेली पोर, तिला आता चमच्याला चमचा म्हणणं आठवत नव्हतं. लेक खोऱ्यातल्याच दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. पाणी खारट लागलं त्याच्या आदल्या दिवशीच ती इथे येऊन गेली होती.

"तुमचा पेला कोण घासतं, मास्तर?"

"मीच. त्या दिवशी मात्र लेकीनं घासला. मी संध्याकाळी पाय मोकळे करून आलो तर तिनं फडक्यात गुंडाळून ठेवलेला. हाताला गरम लागला. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, निर्जंतुक केलाय बाबा. सिस्टर आहे ना, तिला सगळीकडे जंतू दिसतात."

हे सांगताना ते कौतुकानं हसले.

चव कशी होती, असं विचारल्यावर त्यांनी डोळे मिटले. खोऱ्यातल्या मचूळ विहिरींवर वाढलेला माणूस. म्हणाले, समुद्राचं पाणी कडवट असतं, विहिरीचं तुरट. हे नुसतं खारट होतं. असं पाणी मी कधी प्यालो नाही. मग म्हणाले, बाई, मी खोटं बोललो नाही हो.

ते मला माहीत होतंच. तिथेच तर सगळं अडत होतं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिघांनाही चवीच्या खोलीत बोलावलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि कुत्रं हौदाच्या सावलीच्या कडेला सरकलं होतं.

मी आधी पेला पालथा करून दाखवला. तुम्ही रोज हे करता, म्हटलं. सुटं मीठ असतं तर टेबलावर सांडलं असतं. मिठाच्या पाण्यानं कुणी पेला नुसता विसळला असता तर ओल दिसली असती, आणि तेवढ्यानं पेला इतका खारटही झाला नसता. म्हणजे मीठ आत चिकटून वाळलेलं होतं. काचेच्या पेल्यात ते दिसलं असतं, स्टीलच्या मगात दिसलं असतं. पांढऱ्या कल्हईवर पांढरं मीठ दिसलं नाही.

मीठ असं चिकटवायचं तर पेलाभर मिठाचं पाणी त्यातच आटवावं लागतं. त्याला आच लागते आणि बराच वेळ लागतो. फडक्यावर जळल्याचं वर्तुळ आहे, म्हणजे पेला चांगला तापलेला असताना गुंडाळला गेला. या खोलीत शेगडी नाही. मास्तर हात धुवून येईपर्यंत हे होणं शक्य नाही. शिवाय या कारखान्यातल्या कुणाला मीठ हवं असतं तर त्यानं दाराबाहेरचं खारं पाणी घेतलं असतं. ते कडवट लागलं असतं आणि लॅबबाईंना लगेच सापडलं असतं.

फ्यूजसाहेबानं सुटकेचा निःश्वास सोडला. लगेच त्याच्या लक्षात आलं की मग उरतं कोण, आणि तो मास्तरांकडे बघायचं टाळायला लागला.

"म्हणजे मी केलं?" मास्तर म्हणाले.

"नाही. तुम्हाला मिठाची गरजच नव्हती. पाणी बंद पाडायचं असतं तर तुम्ही नुसतं खारट म्हणू शकत होता. खोटं बोलणाऱ्याला मीठ लागत नाही, मास्तर. ज्याला पाणी बंद करायचं होतं, पण तुम्ही खोटं बोलणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, त्याला मीठ लागलं. तुमच्याकडून खरंच वदवून घेण्यासाठी."

मी पुढचा प्रश्न विचारला. तो विचारायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"तुम्हाला कुणी आधी खोटं बोलायला सांगितलं होतं का?"

मास्तरांनी आपला पेला हातात घेतला, आत पाहिलं आणि परत ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, की माझ्या लेकीनं. दोनदा सांगितलं. म्हणाली, बाबा, एकदाच वाईट आहे म्हणा. मी म्हटलं, मी रोज पितो, चांगलं आहे, चांगल्याला वाईट कसं म्हणू? तर रडली. मी रागावलो तिच्यावर.

लॅबबाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. त्यांनी खिडकीतून त्या रिकाम्या हौदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना काहीतरी कळलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

"खोऱ्यात गल्लीतले नळ कशाचे आहेत?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर म्हणाले, जुने आहेत, पणजोबांच्या काळातले. शिशाचे.

५

खोऱ्यातला दवाखाना बसका आणि लांबलचक होता. मुलांच्या वॉर्डात दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं. पोरं शांत होती. मुलांच्या वॉर्डात इतकी शांतता मी कधी ऐकलेली नव्हती.

मास्तरांची लेक एका तान्ह्या मुलाचे ओठ ओल्या कापसानं पुसत होती. माझी ओळख सांगितल्यावर तिनं कापूस बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आलात? मला वाटलं, लवकर याल."

तिनं काहीच लपवलं नाही. वॉर्डातलं सलाइन पेल्यात ओतलं आणि मंद आचेवर आटवलं, एवढंच. सलाइन माणसाच्या अंगातल्या पाण्याइतकं खारट करतात, म्हणून लॅबबाईंना ते डोळ्यातल्या पाण्यासारखं वाटलं. मग तिनं एका मुलाचा ओठ वर करून मला हिरडी दाखवली. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती, शिसं अंगात भिनल्याची खूण. दुसऱ्या मुलाची दाखवली, तिसऱ्याची. चौथी खाट छकुलीची होती. फोटोतली फट तशीच होती, हसू मात्र नव्हतं. तिच्या हिरडीवरही तीच रेघ.

खोऱ्याच्या नळांना आतून विहिरींच्या जड पाण्याचा थर बसलेला होता. कित्येक वर्षांचा, दगडासारखा. तो होता तोवर शिसं त्याच्या आड होतं. मग चुनखडी बंद झाली आणि भुकेलं पाणी आलं, आणि त्यानं आधी तो थर खाल्ला, मग शिसं. किनाऱ्याला पाणी भुकेलं आहे हे माहीत होतं, पण नळ कशाचे हे माहीत नव्हतं. खोऱ्याला नळ माहीत होते, पण पाण्याची भूक माहीत नव्हती. माळाला फक्त आपले ट्रक अडल्याचं माहीत होतं. मास्तरांची लेक तिन्ही कचेऱ्यांत जाऊन आली होती. तिघांनीही तिला एकच सांगितलं, की तोटीजवळ पाणी चोख आहे, रोज तीन माणसं पिऊन बघतात, आणि त्यातले एक तर तुमचेच वडील.

"त्यांच्या शब्दावर सगळं चाललं होतं," ती म्हणाली. "ते तिथे गोड म्हणायचे आणि पोरगी इथे ते प्यायची. मला पाणी तोडायचं नव्हतं हो. मला फक्त कुणीतरी तिऱ्हाईत यायला हवं होतं. जो तोटीपाशी न थांबता पाण्याबरोबर शेवटपर्यंत चालत येईल. वाटलं, एखाददोन दिवसांत येईल कोणी. टाक्या तेवढ्या पुरतील. मला काय माहीत, तुम्हाला निवडायलाच यांना इतके दिवस लागतील."

मागे एक तान्हं रडायला लागलं. घसा कोरडा असल्यानं त्याचा आवाजच नीट निघत नव्हता. तिनं कापूस पुन्हा हातात घेतला.

पाणी उकळून उपयोग नाही का, असं मी विचारलं. उकळून शिसं जात नाही, ती म्हणाली. विहिरी? त्या कधीच आटल्या. आता बंद ठेवावं तर ही तान्ही आधी जातील, सोडावं तर ती मोठी. तिनं छकुलीच्या खाटेकडे बघितलं नाही.

निघताना मी तिला वचन दिलं, की अहवालात सगळं लिहीन. तिनं मान हलवली. नव्यानं शिकणाऱ्या नर्सला धीर द्यावा तशी तिनं माझ्याकडे बघून मान हलवली.

६

मी सगळं लिहिलं. शिसं, चुनखडी, अडवलेले ट्रक, हिरड्यांवरच्या रेघा, एकूण एक. तिन्ही बाजूंचं उत्तर एकमतानं आलं. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट असावी. तिऱ्हाईताला विचारलेला प्रश्न तोटीच्या पाण्याचा होता. तोटीचं पाणी चोख असल्याचं सिद्ध झालं आहे आणि पेल्यात मीठ खोऱ्याच्याच माणसानं घातलं आहे, तेव्हा व्हॉल्व्ह उघडावा. बाकीचे मुद्दे पुढच्या संयुक्त बैठकीत घेऊ. बैठक कुणाच्या गावात भरवायची ते ठरलं, की तारीख कळवू.

मास्तरांच्या लेकीला खोऱ्याच्याच पोलिसांनी वॉर्डातून नेलं. गल्लीतल्या बायकांनी तिच्यावर थुंकायचा प्रयत्न केला म्हणे, पण तोंडं कोरडी होती. आमचं पाणी तोडलं, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. फ्यूजसाहेब दोन दिवस खाणीवाल्यांना फोन करत होता. भडकला नाही, अक्षरशः विनवण्या केल्या. ट्रक निघायला परवानगी हवी आणि परवानगी बैठकीत मिळणार. लॅबबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की चुनखडी आज आली तरी नळांच्या आत पुन्हा थर धरायला वर्षं जातील. मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

व्हॉल्व्ह उघडायचा तर त्याच तीन साक्षीदारांनी प्यायला हवं होतं.

सकाळी मास्तर आले. तोच पेला, तेच फडकं, मधोमध तपकिरी वर्तुळ. त्यांनी पेला पालथा करून दाखवला. लॅबबाई प्यायल्या आणि कसंबसं गोड म्हणाल्या. फ्यूजसाहेब प्यायला, गोड म्हणाला आणि खाली बघत राहिला. मास्तरांनी पेला भरला, एक घोट घेतला, टेबलावर ठेवला.

"खारट आहे," ते म्हणाले.

त्यांचा आवाज फाटला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते बिचारे आणि ते त्यांना जमत नव्हतं. कान लाल झाले होते, हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते. शाळेतलं एखादं पोर असं बोललं असतं तर त्यांनीच ते एका नजरेत पकडलं असतं.

करारात याचीही सोय होती. दुसऱ्यांदा तक्रार झाली तर तिऱ्हाईतानं त्याच पेल्यातून प्यायचं आणि त्याचा शब्द अखेरचा. फ्यूजसाहेबानं पेला माझ्याकडे सरकवला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

मी प्याले. थंड, निर्मळ पाणी. इतकं स्वच्छ, की जिभेला कळावं असं त्यात काही उरलेलंच नव्हतं.

मला खोटं बोलता आलं असतं. माझा शब्द अखेरचा होता, मला मीठ लागलं नसतं. मी त्या वॉर्डाचा विचार केला, आवाज न निघणाऱ्या त्या तान्ह्याचा आणि ओल्या कापसाचा. कापूस ओला करायलाही आता तिथे काही नसेल. मग चौथ्या खाटेचा विचार केला. तहानेनं माणूस लगेच मरतो आणि शिशानं सावकाश. मी सावकाश निवडलं. हा न्याय नव्हता. तराजूच्या दोन्ही पारड्यांत पोरंच होती आणि मला एक पारडं खाली करायचं होतं.

"गोड," मी म्हणाले.

लॅबबाईंनी चाक फिरवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पायांखालची फरशी किंचित थरथरली आणि जमिनीतून तो घुमणारा आवाज यायला लागला, आधी अगदी खोल, मग भरून. पाणी निघालं होतं.

मास्तर सवयीनं खोऱ्याच्या दिशेला वळले. रोजच्यासारखं त्यांचं तोंड उघडलं, ओठांवर ते शब्द आले. आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं.